टाके घातले, ताटाचे काय?

एकाच आठवड्यात, एकाच टेबलावर, एकाच हाताने केलेल्या दोन शस्त्रक्रियांची ही हकिकत आहे. हात माझाच असल्यामुळे ती सांगताना दुसऱ्या कुणाला दोष देण्याची सोय मला नाही.

काही वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या गावी एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात काम करीत होतो. श्रावण संपत आला होता. तीन दिवसांच्या अंतराने दोन बाया आल्या. दोघी चाळिशीच्या. दोघींचेही अपेंडिक्स पोटातच फुटलेले, आत पू झालेला. दोघींचे पोट मधोमध उघडून धुऊन काढावे लागले. धागा तोच, भूल देणारे डॉक्टर तेच, प्रतिजैविके तीच. एक होती प्राथमिक शिक्षकाची पत्नी. दुसरी गावाबाहेरच्या वस्तीवरची. पावसाळ्यात दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी आणि दिवाळीच्या सुमारास नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी.

आठव्या दिवशी शिक्षकाच्या पत्नीची पट्टी सोडली. जखम कोरडी, कडा जुळलेल्या. दोन दिवसांनी टाके काढून तिला घरी पाठवले. दुसरीचे मात्र दोन टाके काढले आणि खालून पिवळट पाणी आले. संध्याकाळपर्यंत कातडीखालचा थर बोटभर उघडा पडला. आतली भिंत शाबूत होती, एवढेच नशीब. मग आम्हाला जे शिकवलेले असते ते सगळे मी केले. पाणी तपासायला पाठवले. प्रतिजैविक बदलून महागडे सुरू केले. रक्तातली साखर दोनदा पाहिली. ती ठीक होती. धाग्यावर संशय घेतला. तीन दिवस गेले. जखमेत फरक नाही.

चौथ्या दिवशी राउंड संपताना वॉर्डातल्या आयाबाई माझ्यामागून आल्या. वीस वर्षे त्याच वॉर्डात काढलेली बाई. हळूच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, सगळं तपासलंत. तिचा डबा तेवढा एकदा उघडून बघा."

डब्यात ज्वारीच्या दोन भाकरी होत्या, मिरचीचा ठेचा होता आणि तळ दिसावा इतकी पातळ आमटी होती. रुग्णालयातून तिला सकाळी दूध आणि उकडलेले अंडे मिळत होते. ते खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या सहा वर्षांच्या पोराच्या पोटात जात होते. मी विचारले, "मावशी, घरी दूधदुभतं काही नाही का?" ती म्हणाली, "शेळी व्हती की. इकली न्हवं का. जाण्यायेण्याला, भाईरच्या तपासण्यांला पैसं लागलं."

शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून फुकट झाली होती. पण जीपभाडे, सोबतच्या माणसांचा खर्च आणि दोघांची बुडालेली मजुरी कुठल्याच योजनेत बसत नव्हती. म्हणून शेळी गेली. म्हणजे घरात दुधाची कधी नव्हे इतकी गरज निर्माण झाली, त्याच आठवड्यात दूध घरातून गेले. आणि मी तिच्या केसपेपरवर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले होते : सकस आहार घ्यावा.

जखम हेही एक बांधकाम

जखम औषधाने भरते असा आपल्या सगळ्यांचा, डॉक्टरांचासुद्धा, एक गोड गैरसमज आहे. औषध जंतूंना आवरते. धागा कडा धरून ठेवतो. जखम भरते ती शरीर भरते, आणि त्यासाठी लागणारा सगळा माल ताटातून येतो.

घर बांधताना असते तसेच इथे टप्पे असतात. पहिल्या तासांत रक्त गोठून भोक बुजते. पुढचे काही दिवस पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेला भाग साफ करतात. आपल्याला दिसणारी सूज आणि लाली ती हीच. मग साधारण तीन आठवडे नवे काम चालते. बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे दोर विणले जाऊ लागतात. त्यानंतर वर्षभर आणि त्याहूनही अधिक काळ हे दोर उलगडून, पुन्हा वळून पक्के केले जातात.

या दोरांचा कच्चा माल म्हणजे प्रथिने. दोराला पीळ बसण्यासाठी क जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर दोर तयार होतो पण ताण सोसत नाही. नव्या पेशी वाढायला जस्त आणि अ जीवनसत्त्व लागते. आणि गवंड्यांना मजुरी लागते, तसे या सगळ्या कामाला उष्मांक लागतात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर शरीराची गरज वाढते आणि नेमकी तेव्हाच भूक मेलेली असते. बाहेरून माल आला नाही तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून वापरते. ज्याच्या अंगावर आधीच मांस नाही, त्याने मोडायचे तरी काय? छातीचे स्नायूही त्यात झिजतात, खोकला नेटाने येत नाही, कफ साठतो आणि पोटाच्या रुग्णाला न्यूमोनिया होतो. नातेवाईक म्हणतात, ऑपरेशन चांगले झाले होते हो, नंतर काय झाले कळले नाही.

दहाव्या दिवशी टाके काढले म्हणजे जखम पक्की झाली, हाही एक गैरसमज. तीन आठवड्यांनी जखमेची ताकद मूळच्या कातडीच्या जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा असते. तीन महिन्यांनी ती ऐंशी टक्क्यांच्या आसपास पोहोचते, आणि पूर्ववत अशी कधीच होत नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर "जड उचलू नका" असे आम्ही सांगतो त्यामागचे गणित हे आहे.

जुनीच गोष्ट

हे ज्ञान काही नवे नाही. १७४० साली इंग्लंडहून जॉर्ज अॅन्सन या नौदल अधिकाऱ्याचा जहाजांचा काफिला जगप्रदक्षिणेला निघाला. ताज्या भाजी-फळांशिवाय महिनोन्‌महिने समुद्रावर काढल्यामुळे खलाशी स्कर्व्हीने पटापट मेले. त्या प्रवासाच्या वृत्तान्तात एका म्हाताऱ्या सैनिकाची नोंद आहे. १६९० च्या बॉइनच्या लढाईत त्याला झालेल्या जखमा केव्हाच बऱ्या झाल्या होत्या. पन्नास वर्षांनी, स्कर्व्ही झाल्यावर, त्या पुन्हा उघडल्या. आपण ज्याला वण म्हणतो तोही शरीराला सतत डागडुजी करून जपावा लागतो. माल थांबला की पन्नास वर्षांपूर्वीची भिंतही ढासळते.

१९३९-४० मध्ये अमेरिकेत बोस्टनला जॉन क्रँडन या तरुण शल्यचिकित्सकाने हा प्रयोग स्वतःवर केला. क जीवनसत्त्व अजिबात नसलेले अन्न तो महिनोन्‌महिने खात राहिला. तीन महिन्यांनी त्याच्या पाठीवर मुद्दाम एक छेद घेतला. तो नीट भरला. सहा महिन्यांनी दुसरा घेतला. तो वरून मिटल्यासारखा दिसला, पण आत भरलाच नव्हता. मग क जीवनसत्त्व टोचले आणि जखम दहा दिवसांत भरू लागली. खाऊनपिऊन सुखी माणसाच्या अंगात काही महिने पुरेल इतकी शिल्लक असते, हे यातून दिसते. गरिबाची शिल्लक शस्त्रक्रियेच्या आधीच संपलेली असते.

त्याआधी १९३६ साली क्लीव्हलंड इथे हिरम स्टडली या शल्यचिकित्सकाने जठरव्रणाच्या शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला होता. आधी ज्यांचे वजन पाचव्या हिश्श्याहून अधिक घटले होते, त्यांच्यातले तेहतीस टक्के दगावले; ज्यांचे तेवढे घटले नव्हते त्यांच्यातले साडेतीन टक्के. शस्त्रक्रिया तीच, आजार तोच. फरक वजनकाट्यावरचा.

आणि आपल्या सुश्रुतसंहितेत तर जखमी माणसाची राखण कशी करावी यावर 'व्रणितोपासनीय' नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. त्याला कोणत्या खोलीत ठेवावे, अंथरूण कसे असावे, काय खायला द्यावे याची त्यात चर्चा आहे. तूप घातलेला जुन्या तांदळाचा गरम भात, मुगाचे कढण, मांसरस, डाळिंब, आवळा हे पथ्यात आहे. स्नेह्यांनी जवळ बसून चार बऱ्या गोष्टी सांगाव्यात, हेसुद्धा आहे. शस्त्र चालवणाऱ्या त्या वैद्याला आपले काम टाक्यापाशी संपत नाही, हे ठाऊक होते.

भाकरीचा हिशेब

आता त्या मावशींचा हिशेब मांडू. वजन बेचाळीस किलो. निरोगी माणसाला किलोमागे एक ग्रॅमच्या आत-बाहेर प्रथिने पुरतात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ती दीडपट तरी लागतात. म्हणजे रोज साठ-पासष्ट ग्रॅम. दिवसाच्या चार भाकरींतून मिळाली अठ्ठावीस. दोन वेळच्या पातळ आमटीतून चार-पाच. बेरीज तेहतीस. शरीराने बांधकाम काढले होते पूर्ण घराचे, आणि माल येत होता अर्ध्या घराचा. शिवाय ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी असतो. डाळ ती उणीव भरून काढते. भाकरी-आमटीची जोडी आपल्या जुन्या बायकांनी उगाच जमवलेली नाही. पण महागाईत आमटीतली डाळ कमी होत जाते आणि पाणी वाढत जाते.

ही मावशी अपवाद नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी सत्तावन्न टक्क्यांमध्ये रक्तक्षय आढळला. जवळजवळ एकोणीस टक्के बायका उंचीच्या मानाने कृश होत्या. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या दर चार बाळंतपणांपैकी एक सिझेरियनने झालेले दिसते. म्हणजे पोटावर टाके घेऊन घरी जाणाऱ्या बायकांत रक्त आणि मांस दोन्ही कमी असलेल्या किती असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

जगाचा हिशेबही असाच आहे. २०१८ साली सहासष्ट देशांतल्या साडेबारा हजार पोटाच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात आला. विकसित देशांत शंभरातल्या सुमारे नऊ जणांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला, मधल्या देशांत चौदा, सर्वांत मागास देशांत तेवीस. हे सगळे केवळ अन्नामुळे घडते असे मी म्हणणार नाही. उशिरा येणे, अपुरे पाणी, कमी मनुष्यबळ, निरुपयोगी ठरलेली प्रतिजैविके ही कारणेही आहेतच. पण ही सगळी कारणे एकाच वस्तीत राहतात.

सलाईन, पावडर आणि पथ्य

ताटाकडे लक्ष नसले की माणसे बाटलीकडे आणि डब्याकडे वळतात. "साहेब, अशक्तपणा फार आहे, एक सलाईन लावा" ही विनंती ऐकली नाही असा एकही डॉक्टर महाराष्ट्रात नसेल. अर्धा लिटर ग्लुकोजच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे फार तर शंभर उष्मांक. ज्वारीच्या एका भाकरीत त्याच्या अडीचपट असतात. नुसत्या मिठाच्या पाण्याच्या बाटलीत तर एकही नाही. तोंडाने खाता येणाऱ्या माणसाला ताकदीसाठी सलाईन लावणे म्हणजे त्याच्या खिशातली भाकरी काढून घेणे होय.

तीच गोष्ट पावडरीच्या डब्यांची. ज्यांना गिळता येत नाही, ज्यांचा आजारच वेगळा आहे, त्यांना ती लागते. पण शेळी विकून आलेल्या पैशांतून पावडरीचा डबा घेणारी माणसे मी पाहिली आहेत. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. दाणे, फुटाणे, मूग, मटकी, अंडी, गूळ यांची किंमत डब्याशी ताडून पाहावी. क जीवनसत्त्वाचेही तेच. रुग्णाला भेटायला जाताना आपण सफरचंदे नेतो, कारण ती प्रतिष्ठित दिसतात. सफरचंदात क जीवनसत्त्व नावाला असते. पेरूत ते त्याच्या कितीतरी पट आणि आवळ्यात त्याहून जास्त. पण पेरू घेऊन भेटायला गेले तर लोक काय म्हणतील!

आणि मग पथ्य. भाताने जखमेत पाणी होते. डाळीने पू होतो. अंडे उष्ण पडते. आंबट चालत नाही, केळे चालत नाही, वांगे तर नाहीच. यातले काही सुश्रुताच्या वर्ज्य यादीतून, नवे धान्य, उडीद, तीळ यांच्यापासून निघून हजार तोंडांतून फिरत आले असेल. पण त्याच ग्रंथाने दिलेला भात आणि मुगाचे कढण मात्र वाटेत कुठेतरी सांडले. डाळभाताने टाके पिकत नाहीत. मधुमेह असेल तर गोडाचे आणि भाताचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचेही. बाकीच्यांनी घरात जे शिजते ते सगळे खावे, आणि थोडे जास्त खावे. सधन घरात पथ्याने एक पदार्थ वगळला तर दुसरे दहा असतात. गरिबाच्या ताटातून डाळ आणि भात काढल्यावर ठेचा उरतो.

सव्वा महिना

गरिबी फक्त ताटात नसते. ती विश्रांतीत असते, पाण्यात असते, अंतरात असते. पट्टी बदलायला आठ किलोमीटर यायचे तर एक माणूस सोबत लागतो आणि दोघांचा रोज बुडतो. मग पट्टी चार दिवसांनी बदलते. भूक मारण्यासाठी चहा आणि मिश्री, पुरुषांना बिडी नाहीतर गुटखा. तंबाखूतल्या निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेपर्यंत पोहोचणारे थोडेसे रक्तही अडते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पडून राहण्याची चैन परवडत नाही.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जी पाहणी आली, तिच्यात ब्याऐंशी हजार तीनशे नऊ स्त्रियांपैकी तेरा हजार आठशे एकसष्ट जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहांतली एक. त्या शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या का, यावर खूप लिहिले गेले आणि ते योग्यच झाले. पण शस्त्रक्रियेनंतर या बायकांचे काय झाले, हा प्रश्न कमी विचारला गेला. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते. कामावर न गेल्यास खाडा पडतो आणि त्याचा दंड उचलीत मिळवला जातो. अशा ठिकाणी डॉक्टरने "तीन महिने जड उचलू नका" म्हणणे हा विनोद आहे.

खरे तर आपल्या समाजाला जखम भरण्याचे शास्त्र चांगले माहीत आहे. बाळंतिणीला आपण काय करतो? सव्वा महिना तिला विहिरीवर पाठवत नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मऊ भात, तूप, खारीक-खोबरे. गरिबाघरची आईसुद्धा लेकीच्या बाळंतपणासाठी शेरभर तूप कुठूनतरी उभे करते. सव्वा महिना म्हणजे पाच-सव्वापाच आठवडे. पोटाचा टाका धरायला जो किमान वेळ लागतो त्याच्या हा हिशेब अगदी जवळचा आहे. पण तीच लेक पुढे चाळिशीत गर्भाशय काढून घरी येते तेव्हा कुणी लाडू करत नाही. मूल दिसत नाही, म्हणून जखमही दिसत नाही. दहाव्या दिवशी ती चुलीपुढे असते आणि सर्वांत शेवटी जेवायला बसते.

काय करता येईल?

प्रथम आम्ही डॉक्टरांनी आपले घर झाडावे. शस्त्रक्रियेआधी रक्त तपासतो, छातीचा फोटो काढतो. पण वजन किती घटले हे विचारायला पैसा लागत नाही, तरी ते विचारत नाही. रुग्णाला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतो, दुपारी यादी लांबते, "आज होणार नाही" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी ठेवतो. आज शास्त्र सांगते की भुलेआधी सहा तासांपर्यंत हलके खाणे आणि दोन तासांपर्यंत साधे पाणी बहुतेकांना चालते, आणि नंतरही शक्य तितक्या लवकर तोंडाने सुरू करावे. जो फार खंगला आहे आणि ज्याची शस्त्रक्रिया थांबण्यासारखी आहे, त्याला आधी आठवडा-दोन आठवडे नीट खाऊ घालावे, असेही सांगते. रांगेतले ते दिवस आपण नुसते वाया घालवतो.

मग सरकारचे काम. शस्त्रक्रियेचा लाखांचा खर्च आज योजना उचलतात, ही लहान गोष्ट नाही; माझ्या उमेदवारीच्या काळात हे स्वप्न होते. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातले जेवणही धरले आहे आणि घरी सोडल्यानंतर पंधरा दिवसांची औषधे धरली आहेत. पण जखम भरायची असते घरी, आणि घरी गेल्यावर ताट धरलेले नाही, मजुरी धरलेली नाही. चाळीस हजारांची शस्त्रक्रिया दोन हजारांच्या डाळ-अंड्यांअभावी वाया जाते, मग त्याच रुग्णावर पुन्हा चाळीस हजार खर्च होतात.

हे अशक्य आहे असे कुणी म्हणू नये. क्षयरोगात आपण ते मान्य केले आहे. २०१८ पासून क्षयरुग्णाला आहारासाठी महिना पाचशे रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. झारखंडमध्ये क्षयरुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना दरमहा शिधा देऊन केलेला मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. घरच्या माणसांना नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोका निम्म्याहून कमी झाला. क्षय आणि टाका वेगळे खरे. पण अन्न हे औषधच आहे, हे सरकारी कागदावर एकदा आले आहे. आपल्या राज्यातही आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना २०१५ पासून अमृत आहार योजनेत एक वेळचे चौरस जेवण देण्याचे ठरले. मग पोटावर टाके घेऊन घरी जाणाऱ्या गरीब रुग्णासोबत सहा आठवड्यांची डाळ, शेंगदाणे, तेल आणि अंड्यांचे पैसे का जाऊ नयेत?

मजुरीचेही तसेच. कारखान्यातल्या विमाधारक कामगाराला राज्य विमा योजनेतून आजारपणात सत्तर टक्के पगार वर्षाला एक्क्याण्णव दिवसांपर्यंत मिळतो. शेतमजुराच्या पोटाची भिंत कारखान्यातल्या कामगाराच्या भिंतीपेक्षा लवकर भरत नाही.

काही वाचक म्हणतील, सरकारने काय काय करायचे? बरोबर आहे. मग थोडे आपल्या घराकडे पाहू. आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाई "पिशवी काढायचीय" म्हणून सांगतात. आपण हळहळतो, पाचशे रुपये हातावर ठेवतो आणि बदली बाई शोधतो. पंधराव्या दिवशी त्या पुन्हा दारात उभ्या राहतात, कारण बदली बाई कायमची होईल ही भीती असते. आपल्याला बरे वाटते की लवकर बऱ्या झाल्या. त्या बऱ्या झालेल्या नसतात. त्यांना सहा आठवड्यांचा पगार द्यावा, काम त्यांचेच राहील असा शब्द द्यावा, आणि आठवड्याला डझनभर अंडी, किलोभर शेंगदाणे नाहीतर मूग पाठवावेत. यात त्यांच्यावर उपकार नाही. आपल्या घरात कुणाचे ऑपरेशन झाले तर ऑफिसातून भरपगारी रजा मिळते, ती आपण उपकार म्हणून घेत नाही.

गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेल्यांना अन्न हे पहिले येते. रोग्यांना औषधोपचार त्याच्या नंतर. त्या क्रमात मोठे वैद्यक आहे, हे मला शस्त्रक्रिया शिकल्यावर बऱ्याच वर्षांनी कळले.

त्या मावशींचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. आयाबाईंनी पोराच्या जेवणाची सोय आपल्या घरी केली, म्हणून दूध आणि अंडे मावशींच्या पोटात जाऊ लागले. आम्ही चौघांनी वर्गणी काढून दाणे, डाळ आणि पेरूंची सोय केली. महागडे प्रतिजैविक बंद केले. दहा-बारा दिवसांत जखमेच्या तळाशी लालसर दाणेदार मांस दिसू लागले. पूर्ण भरायला सात आठवडे लागले. तोवर दिवाळी आली होती आणि उचल आषाढातच घेतलेली होती. त्या ऊसतोडीला गेल्या. पंचवीस-तीस किलोच्या मोळ्या डोक्यावर घेऊन हंगाम काढला.

पुढच्या वर्षी त्या हर्निया घेऊन परत आल्या. टाक्याची रेघ होती त्याच जागी पोटाची भिंत फाकली होती. मी तपासत असताना त्यांनी आपणहून विचारले, "आता शिवल्यावर किती दिस बसावं लागंल?" मी म्हटले, "तीन महिने, मावशी." त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि माझ्याकडे बघून हसल्या. "तीन म्हैनं बसल्यावर खाणार काय, साहेब?"

तो प्रश्न मी केसपेपरवर लिहून ठेवला. तेव्हापासून माझ्याकडे शस्त्रक्रियेला येणाऱ्या प्रत्येकाला मी तीन गोष्टी विचारतो : घरात रोज काय शिजते, मिळवते कोण, आणि ऑपरेशनसाठी काय विकले. उत्तरे ऐकली की कुणाचा टाका धरेल आणि कुणाचा नाही, हे बहुतेक वेळा आधीच कळते. ते कळूनही आपण नुसते टाके घालत राहिलो, तर त्या जखमा आपल्या हातून उसवतात असेच म्हणावे लागेल.